जोडलेल्या शीर्षकांचा तक्ता मोकळा कसा करायचा : गावपातळीवर पीकनोंदी ठेवणाऱ्यांसाठी

दिवाळी झाली की आमच्याकडे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाची वेचणी जोरात असते, सोयाबीन घरात किंवा बाजार समितीत पोचलेलं असतं आणि शेतकरी गटाच्या खोलीत हंगामाच्या नोंदी जुळवायचं काम सुरू होतं. अशाच एका संध्याकाळी गटातला एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. "ताई, गावाले फिल्टर लावलं तं बोरगावचा एकच मानूस दिसून राह्यला. बाकीचे काहून गायब झाले?"

गायब कोणी झालं नव्हतं. त्या तक्त्यात बोरगावचं नाव बारा ओळींसमोर एकदाच, मधोमध लिहिलं होतं. बारा सेल जोडून, म्हणजे मर्ज करून. आपल्याला त्या बाराही ओळी बोरगावच्या दिसतात. एक्सेल मात्र जोडलेल्या सेलमधला मजकूर फक्त डावीकडच्या सगळ्यात वरच्या सेलमध्ये ठेवतं, बाकीचे अकरा सेल त्याच्या लेखी रिकामे असतात. फिल्टर लावलं की एकच ओळ हाती लागते. आडव्या शीर्षकाचंही तेच. 'सोयाबीन' हे नाव 'क्षेत्र' आणि 'उत्पादन' या दोन कॉलमांवर पसरलेलं दिसलं, तरी ते असतं फक्त क्षेत्राच्या डोक्यावर. उत्पादनाच्या डोक्यावर काहीच नसतं.

कृषी सखी, गटांचे सचिव, ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारी मुलं, गावाच्या पिकांवर प्रकल्प करणारे कॉलेजचे विद्यार्थी, या सगळ्यांकडे असेच तक्ते येतात. ते छापून भिंतीवर लावायला किंवा बैठकीत साहेबांसमोर ठेवायला चांगले असतात. त्यांच्यावर हिशेब करायचा असेल तर आधी ते मोकळे करावे लागतात. कसे, ते एका छोट्या उदाहरणावरून सांगते. आकडे फक्त समजण्यापुरते घेतले आहेत.

आपला तक्ता

पहिल्या ओळीत मोठं शीर्षक आहे, 'खरीप हंगाम, गावनिहाय पीकनोंद', सगळ्या कॉलमांवर जोडलेलं. दुसऱ्या ओळीत अ.क्र., गाव, खाते क्रमांक आणि पुढे कापूस, सोयाबीन, तूर. प्रत्येक पिकाचं नाव दोन कॉलमांवर पसरलेलं. तिसऱ्या ओळीत प्रत्येक पिकाखाली 'क्षेत्र' आणि 'उत्पादन'. क्षेत्र एकरात, उत्पादन क्विंटलमध्ये. खाली बोरगावची दोन खाती:

खाते १०१ : कापूस ३ एकर, २१ क्विंटल. सोयाबीन २ एकर, उत्पादन 'निरंक'. तूर रिकामी.
खाते १०२ : कापूस रिकामा. सोयाबीन ४ एकर, २० क्विंटल. तूर १ एकर, ४ क्विंटल.

आपल्याला शेवटी हवा आहे तो तक्ता असा:

| गाव | खाते | पीक | क्षेत्र | उत्पादन |
|---|---|---|---|---|
| बोरगाव | १०१ | कापूस | ३ | २१ |
| बोरगाव | १०१ | सोयाबीन | २ | ० |
| बोरगाव | १०२ | सोयाबीन | ४ | २० |
| बोरगाव | १०२ | तूर | १ | ४ |

एका ओळीत एका खात्याच्या एका पिकाची नोंद. आधी डोक्यावर बसलेलं पिकाचं नाव आता खाली उतरून स्वतःच्या कॉलममध्ये आलं. आपलं सगळं काम एवढंच आहे. पण ते करताना रिकाम्या सेलपाशी बहुतेकांची चूक होते, म्हणून आधी तिथे थांबू.

रिकामा सेल तीन प्रकारचा असतो

पहिला, मर्जमुळे रिकामा झालेला. गावाचं नाव वर आहे, खाली नाही. हा भरायचा असतो.

दुसरा, खरोखर रिकामा. खाते १०२ ने कापूस लावलाच नाही. हा रिकामाच राहिला पाहिजे.

तिसरा सगळ्यात नाजूक. खाते १०१ ने दोन एकर सोयाबीन पेरलं, ऐन काढणीत पाऊस आला, शेंगा शेतातच कोंबारल्या आणि घरात दाणा आला नाही. तक्ता भरणाऱ्याने तिथे 'निरंक' लिहिलं, कोणी आडवी रेघ मारली, कोणी सेल तसाच सोडला. तिथे शून्य हवं. त्या माणसाने बियाणं घेतलं, खत टाकलं, फवारणी केली. त्याचं शून्य हीसुद्धा नोंद आहे आणि ती पुसली गेली तर गावाचं चित्र खोटं होतं.

किती खोटं, ते बघा. दोघांची सोयाबीनची एकरी झडती, म्हणजे एकरी उत्पादन काढायचं आहे. 'निरंक' हा एक्सेलसाठी मजकूर असतो, त्याला क्षेत्राने भागता येत नाही, म्हणून ती ओळ हिशेबातून सुटते. त्यामुळे सरासरीत एकटं १०२ उरतं आणि झडती येते एकरी ५ क्विंटल. 'निरंक'च्या जागी शून्य लिहून एकूण उत्पादनाला एकूण क्षेत्राने भागलं, तर ६ एकरांत २० क्विंटल, म्हणजे ३.३३. पुढच्या वर्षी कोणतं पीक घ्यावं, नुकसान किती झालं, हे आपण अशाच आकड्यांवरून बोलतो. आणि झडती काढताना नेहमी एकूण उत्पादन भागिले एकूण क्षेत्र असंच करा. प्रत्येक खात्याची झडती काढून तिची सरासरी घेतली, तर अर्ध्या एकरवाल्याचं आणि दहा एकरवाल्याचं वजन सारखं धरलं जातं.

'निरंक' आणि आडव्या रेघा बघून-बघून बदला. 'रिप्लेस ऑल'चं बटण इथे दाबू नका. ज्या ओळीत क्षेत्र भरलं आहे आणि उत्पादनाच्या जागी 'निरंक' आहे, तिथे शून्य. ज्या ओळीत क्षेत्रही नाही, तिथे सेल पूर्ण रिकामा. क्षेत्र आहे पण उत्पादन कोणी विचारलंच नाही, अशी ओळ सापडली तर त्या शेतकऱ्याला फोन करा. फोनवरचं ते उत्तर कुठल्याही सूत्रातून मिळत नाही.

मोकळं करण्याआधीची साफसफाई

मूळ फाइलला हात लावू नका. शीटच्या नावावर उजवी कळ दाबून तिची नक्कल करा आणि नक्कलेवर काम करा.

आकड्यांच्या सेलमध्ये फक्त आकडा हवा. '२१ क्वि.' असं लिहिलं की तो मजकूर होतो आणि बेरजेतून गळतो. एकक शीर्षकात लिहा. ओळखायची खूण सोपी आहे. सेलला मधोमध किंवा दुसरं संरेखन दिलेलं नसेल तर आकडा उजवीकडे चिकटतो आणि मजकूर डावीकडे. मराठी कळफलकावरून टाइप केलेले आकडे डावीकडे चिकटलेले दिसले तर ते इंग्रजी कळफलकावरून पुन्हा भरा.

गुंठ्यांचा घोळ आमच्याकडे दरवर्षी होतो. 'दोन एकर दहा गुंठे' हे कोणी २.१० असं लिहितं. एकरात ४० गुंठे असतात, म्हणून ते २.२५ आहे. सातबाऱ्यावरचा आकडा मात्र हेक्टर-आरमध्ये असतो आणि हेक्टरात १०० आर असतात, त्यामुळे तिथलं १.२० हे खरंच १.२० हेक्टर, म्हणजे सुमारे २.९७ एकर. दोन्ही प्रकारचे आकडे एकाच कॉलममध्ये मिसळले असतील तर ते आत्ताच वेगळे करा. तक्ता मोकळा झाल्यावर ते ओळखू येत नाहीत.

गावांची नावं एकाच पद्धतीने लिहा. बोरगाव, बोरगांव आणि पुढे एक जागा सोडलेलं 'बोरगाव ' ही संगणकासाठी तीन गावं आहेत. उलट विदर्भात बोरगाव नावाची गावं बरीच आहेत, आणि वर्ध्याजवळचं बोरगाव मेघे हे आणखी वेगळं. खुर्द-बुद्रुकचा गोंधळ तर आहेच. जमलं तर नावाशेजारी जनगणनेतला सहा अंकी गाव क्रमांक लिहा.

जुनी फाइल कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असेल तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, ती फक्त मराठीसारखी दिसतात. फाँट बदलला की सगळी नावं विस्कटतात.

'एकूण'च्या सगळ्या ओळी आणि कॉलम काढून टाका, मधल्या गावनिहाय बेरजासुद्धा. त्या राहिल्या तर प्रत्येक क्विंटल दोनदा मोजला जाईल. काढण्याआधी शेवटची बेरीज कागदावर लिहून ठेवा, पुढे लागणार आहे. गावाच्या कॉलममध्ये जिथे 'वरीलप्रमाणे' किंवा दोन टिंबं लिहिली असतील, तिथे ती पुसून सेल रिकामा करा.

जोड सोडवणं आणि भरणं

सगळा तक्ता निवडा आणि 'होम'मधल्या 'मर्ज अँड सेंटर'वर एकदा दाबा. निवडीत जोडलेले सेल असले की तेच बटण जोड सोडवतं. नाही सुटले तर त्याच्या शेजारच्या बाणातून 'अनमर्ज सेल्स' निवडा. आता तक्ता ओकाबोका दिसेल. घाबरू नका.

आधी शीर्षक. दुसऱ्या ओळीतला फक्त कापूस ते तूर एवढा भाग निवडा, तुरीच्या उत्पादनाचा कॉलमही धरून. एफ ५ दाबा, 'स्पेशल' निवडा, 'ब्लँक्स' निवडा, ओके. त्या पट्ट्यातले रिकामे सेलच तेवढे निवडले जातील. आता माउसला हात न लावता बरोबरचं चिन्ह टाइप करा, डाव्या बाणाची कळ दाबा आणि मग कंट्रोल धरून एंटर दाबा. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये डावीकडच्या पिकाचं नाव येईल. नावाऐवजी सूत्रच लिहिलेलं दिसलं तर त्या सेलचा प्रकार 'टेक्स्ट' आहे. तो 'जनरल' करा आणि पुन्हा करा.

गावाच्या कॉलमला हीच रीत, फक्त डाव्या बाणाऐवजी वरचा बाण. इथे निवड पहिल्या गावाच्या नावापासून शेवटच्या खात्यापर्यंतच ठेवा.

निवड एवढी मोजूनमापून का करायची? एकदा एका ताईने सगळा तक्ता निवडून हीच कृती केली, वरच्या बाणाने. आपल्या उदाहरणात तसं झालं तर १०२ च्या कापसाच्या रिकाम्या सेलमध्ये वरचे ३ आणि २१ उतरतील आणि ज्याने कापूस लावलाच नाही, त्याच्या नावावर तीन एकर पऱ्हाटी उभी राहील. तक्ता मात्र अगदी भरलेला, नीट दिसेल. अशी चूक महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

आता भरलेले दोन्ही भाग कॉपी करून त्याच जागी 'पेस्ट स्पेशल'मधून 'व्हॅल्यूज' म्हणून चिकटवा. आत्ता तिथे 'वरच्यासारखं' अशी सूत्रं आहेत. तक्ता खात्याप्रमाणे लावला की ओळी जागा बदलतात आणि सूत्र नव्या वरच्या सेलकडे बघू लागतं. मग एका गावचा माणूस दुसऱ्या गावात जातो.

दोन शीर्षकांची एक ओळ

तिसऱ्या ओळीखाली एक नवी ओळ घाला. अ.क्र., गाव आणि खाते यांची नावं तिथे हाताने लिहा. पुढच्या कॉलमांत सूत्र द्या: वरचं पीक, मग उभी रेघ, मग खालची बाब. जोडायला अँडचं चिन्ह (&) वापरा आणि रेघ दुहेरी अवतरण चिन्हात ठेवा. तयार होईल 'कापूस|क्षेत्र', 'कापूस|उत्पादन' वगैरे. उभी रेघ बॅकस्लॅशच्या कळीवर शिफ्टसह असते, पण त्यासाठी कळफलक इंग्रजीवर हवा. रेघच पाहिजे असं नाही, जे चिन्ह कुठल्याही नावात येत नाही ते चालेल. आडवी रेघ किंवा मोकळी जागा नको, कारण 'पहिली वेचणी'सारख्या नावात मोकळी जागा आधीच असते.

ही ओळही व्हॅल्यूज म्हणून चिकटवा आणि तिच्या वरच्या तिन्ही ओळी काढून टाका. शीर्षकं तीन मजली असतील, म्हणजे वर्ष, पीक, बाब, तर तीन तुकडे जोडा. रीत तीच.

आडवं ते उभं

एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरचं असेल तर पॉवर क्वेरी, म्हणजे तक्त्याची रचना बदलायची सोय, आतच असते. तक्त्यात कुठेही कर्सर ठेवा, 'डेटा'मध्ये जाऊन 'फ्रॉम टेबल/रेंज' दाबा, तक्त्याला शीर्षक आहे अशी खूण करा. नवी खिडकी उघडेल. त्यात:

१. अ.क्र.चा कॉलम काढून टाका.
२. गाव आणि खाते हे दोन कॉलम कंट्रोल धरून निवडा, शीर्षकावर उजवी कळ दाबा, 'अनपिव्हट अदर कॉलम्स' निवडा. बाकी सगळे कॉलम उभे होऊन दोन कॉलम तयार होतील, एकात शीर्षक, दुसऱ्यात आकडा.
३. शीर्षकाचा कॉलम निवडून 'स्प्लिट कॉलम', 'बाय डिलिमिटर', आणि चिन्ह म्हणून उभी रेघ. दोन्ही तुकड्यांना 'पीक' आणि 'बाब' अशी नावं द्या.
४. 'बाब' निवडा, 'ट्रान्सफॉर्म'मधून 'पिव्हट कॉलम' घ्या, आकड्यांचा कॉलम दाखवा आणि पुढच्या पर्यायांत 'डोन्ट अ‍ॅग्रिगेट' निवडा. क्षेत्र आणि उत्पादन शेजारी-शेजारी येतील.
५. 'क्लोज अँड लोड'.

दुसऱ्या पायरीत रिकामे सेल आपोआप गळतात. १०२ चा कापूस गेला, ते बरोबर. १०१ चं सोयाबीनचं शून्य राहिलं, कारण आपण ते आधीच शून्य करून ठेवलं होतं. चौथ्या पायरीत कुठे 'एरर' दिसला तर बहुधा त्या खात्याची त्याच पिकाची नोंद दोनदा झालेली असते. तो दोष शोधून काढा, पर्याय बदलून बेरीज करून टाकू नका.

'अदर कॉलम्स' निवडण्याचा एक फायदा आहे. पुढच्या वर्षी कोणी हरभऱ्याचे दोन कॉलम वाढवले तरी 'रिफ्रेश' केलं की तेही आपोआप खाली उतरतात.

जुन्या एक्सेलवर

गावातल्या बऱ्याच संगणकांवर २००७ किंवा २०१० चं एक्सेल असतं. तिथेही हे जमतं, आणि ही रीत मला स्वतःला फार उपयोगी पडली आहे. तिला ओळींच्या नावांचा एकच कॉलम चालतो, म्हणून आधी गाव आणि खाते उभ्या रेघेने जोडून एकच कॉलम करा, व्हॅल्यूज म्हणून चिकटवा आणि जुने दोन व अ.क्र. काढून टाका.

मग अल्ट, डी, पी या कळा एकामागून एक दाबा. पिव्हटचा जुना विझार्ड उघडेल. त्यात 'मल्टिपल कन्सॉलिडेशन रेंजेस', पुढे 'आय विल क्रिएट द पेज फील्ड्स', मग तक्त्याची रेंज देऊन 'अ‍ॅड' आणि 'फिनिश'. तयार झालेल्या पिव्हटमध्ये सगळ्यात खाली उजवीकडे एकूण बेरजेचा सेल असतो. त्यावर दोनदा क्लिक करा. नवी शीट उघडेल आणि त्यात प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीत, शेजारी त्याचं गाव-खाते आणि पीक-बाब. 'डेटा'मधल्या 'टेक्स्ट टु कॉलम्स'ने उभ्या रेघेवर तुकडे करा. तुकडे उजवीकडच्या कॉलमांवर पसरतात, म्हणून आधी तिथे रिकामा कॉलम घालून घ्या, नाहीतर शेजारचे आकडे पुसले जातील. आकडा नसलेल्या ओळी आल्या असतील तर फिल्टर लावून त्या काढा. शून्याच्या ओळी काढू नका.

फोनवर गुगल शीट्स वापरणाऱ्यांना एवढंच सांगेन, की नोंद भरायला फोन चांगला आहे, हे काम मात्र संगणकावर करा. फोनच्या पडद्यावर निवड चुकली तर कळत नाही.

ताळा

कागदावर लिहून ठेवलेली बेरीज आता काढा. उदाहरणात एकूण क्षेत्र १० एकर आणि एकूण उत्पादन ४५ क्विंटल यायला हवं. ओळी चार (जुन्या एक्सेलच्या रीतीत क्षेत्र आणि उत्पादन वेगळ्या ओळींत येतात, म्हणून आठ). खरं तर पिकांची बेरीज वेगवेगळी जुळवावी, कारण कापूस तुरीच्या नावावर गेला तरी एकूण आकडा तोच राहतो. त्यानंतर डोळे मिटून तीन खाती निवडा आणि मूळ तक्त्याशी प्रत्येक आकडा बोटाने लावून बघा. तीनही जुळली, तर पुढे पिव्हट टेबल करा, गावनिहाय झडती काढा, आलेख काढा.

पुढच्या हंगामासाठी

भरण्याची शीट पहिल्यापासूनच उभी ठेवा: गाव, खाते, पीक, क्षेत्र, उत्पादन. गाव आणि पीक निवडायला 'डेटा व्हॅलिडेशन'ची यादी द्या, म्हणजे बोरगावचं बोरगांव होणार नाही. उत्पादनाच्या शेजारी 'शेरा' असा एक कॉलम ठेवा. शून्य का आलं, ते तिथे लिहायचं: पाऊस, रोही (नीलगाय), गुलाबी बोंडअळी, जे असेल ते.

आणि छापायच्या तक्त्यात शीर्षक मधोमध हवंच असेल, तर सेल जोडू नका. ते सेल निवडा, कंट्रोल आणि १ दाबा, 'अलाइनमेंट'मधल्या 'हॉरिझॉन्टल'मध्ये 'सेंटर अक्रॉस सिलेक्शन' निवडा. शीर्षक तसंच मधोमध दिसतं आणि सेल सुटेच राहतात. गावाच्या उभ्या कॉलमसाठी ही सोय नाही, तिथे प्रत्येक ओळीत गावाचं नाव लिहा.